चार बोटं उंच

मी खुर्ची बोलतेय. लगेच कान टवकारू नका. आमच्या इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यात ‘खुर्ची’ म्हटलं की माणसं आधी विचारतात, कुणाची गेली आणि कुणाला मिळाली? मी त्यातली नव्हे. माझ्यासाठी कुणी अर्ज भरला नाही, गुलाल उधळला नाही. मी चार पायांची, दोन हातांची, लोखंडी पाइपची साधी बसायची खुर्ची. अंथुर्ण्यातल्या एका बंगल्याच्या मागच्या अंगाला असते.

स्वभाव म्हणाल तर घाबरट. आमच्यातल्या बऱ्याच जणी निवांत असतात. कुणी बसलं काय, न बसलं काय, त्यांना सुखदुःख नाही. मला ते जमत नाही. माझ्यावर कुणी बसलं नाही की वाटतं, माझंच काहीतरी चुकलं. आणि खरंच चुकलं होतं. आता ते कसं, ते सांगते. मध्येच थरथरले तर समजून घ्या.

या घरात पाच माणसं. हिंदुराव घरचे कर्ते, लीलाबाई त्यांच्या कारभारीण, ऋषिराज मुलगा, उत्कर्षा सून आणि श्रेया नात. उत्कर्षा शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे तिच्या पर्समध्ये पैशापेक्षा पेन्सिली जास्त असतात. श्रेया शिकायला पुण्यात असते, म्हणजे घरी फक्त तिचे कपडे धुवायला येतात.

बंगल्याच्या पुढे पोर्च आहे. तिथे सहा खुर्च्या कायम मांडलेल्या. हिंदुराव सकाळी सातपासून तिथे. ऊसतोड कधी, पाटाचं पाणी कधी, सोसायटीत कोण काय बोललं, सगळं तिथे ठरतं. लीलाबाई गेली चाळीस वर्षं त्या पोर्चमध्ये चहा घेऊन जातात. त्या खुर्च्यांवर मात्र त्या कधी बसल्या नाहीत. कुणी मनाई केली नव्हती, पण ‘बस’ असंही कुणी म्हणालं नव्हतं. त्यांचं बसणं म्हणजे भुईवर, उंबऱ्यावर, नाहीतर शेताच्या बांधावर.

अशा बसण्याने गुडघ्यांचं जे व्हायचं ते झालं. उजव्या गुडघ्याचं बारामतीत ऑपरेशन झालं, नवा सांधा बसवला. डॉक्टरांनी निघताना बजावलं, “मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, खाली बसायचं नाही. आता बाकी आयुष्य खुर्चीत. आणि खुर्ची जरा उंचच बघा, उठायला सोपं जातं.” लीलाबाईंनी मान हलवली. घरी आल्या आणि पहिलाच प्रश्न पडला, बसायचं कुठं?

आतल्या सोफ्यात माणूस रुततो, उठवायला दोघं लागतात. पुढे पोर्चमध्ये मंडळी. जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसून दिवसभर भिंत बघायची तर बाई आजारी नसेल तर पडेल. महिनाभर लीलाबाई पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या आणि खिडकीतून घरामागच्या पडक्या जागेकडे बघत राहिल्या. तिथे ठिबकच्या जुन्या नळ्यांची भेंडोळी, ट्रॅक्टरचं फाटकं टायर आणि एक गंजलेली पेटी होती.

उत्कर्षाने ते बघितलं. एका रविवारी ती वही घेऊन मागे गेली आणि जेवायला बसल्यावर म्हणाली, “आबा, मागं आपण पॅटिओ करू या.”

“काय करू या?”

“पॅटिओ. बसायची जागा. वर सावली, खाली फरशी, चार झाडं. आईंना हवेशीर बसता येईल.”

“पाट्यो?” हिंदुरावांनी घास हातात धरून विचारलं. “पाटाचं पाणी बारा बारा दिस येत न्हाय म्हनून आमी रडतोय, आन तू घरातच पाट काढतीस व्हय?”

सगळे हसले. पण हिंदुराव नाही म्हणाले नाहीत. सून नोकरीची, बोलायला गोड आणि मुद्द्याला पक्की. तिला नाही म्हणायचं म्हणजे पुन्हा आठवड्याने तेच ऐकायचं, हे त्यांना ठाऊक होतं.

मी तेव्हा जन्मले नव्हते, पण ही सगळी हकिगत उत्कर्षाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलीय की मला पाठ आहे. आधी तिने तीन दिवस ऊन मोजलं. मोजलं म्हणजे, दर दोन तासांनी सावलीच्या कडेला विटेचा तुकडा ठेवला. दुपारी दोननंतर घराचीच सावली मागे पडते, हे कळल्यावर तिने जागा पक्की केली. मग पांढरी फक्की टाकून आखणी. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, वर कितीही महाग फरशी टाका, ती उचकटणारच. म्हणून दीड फूट माती काढून मुरूम भरला, पाणी मारून दाबला. वर खरबरीत शहाबादी. “गुळगुळीत नको,” ती गवंड्याला म्हणाली, “आईंचा पाय घसरला तर तुमच्याच घरी आणून ठेवीन.” फरशीला उतार केळीच्या बाजूला दिला. वर पत्रा, पत्र्याखाली उन्हाची झळ अडवायला बांबूची चटई. खांबाला मधुमालती. भिंतीला एक पंखा.

सगळं झालं आणि राहिलं ते मुख्य. बसायचं कशावर? तयार खुर्च्या तिने इंदापुरात बघितल्या, बारामतीत बघितल्या. एक फार खोल, एक फार हलकी, एकीला हातच नाहीत. शेवटी तिने स्वतः चित्र काढलं आणि ते बारामतीला नागेशच्या वर्कशॉपवर नेऊन दिलं. ते चित्र म्हणजे मी.

चित्रात सगळं लिहिलेलं होतं. पाठ किती कलती, हात किती रुंद, बैठकीला कुठल्या रंगाची पट्टी विणायची. फक्त एका ठिकाणी रिकामी जागा होती, तिथे लिहिलं होतं: ‘पायांची उंची: आईंच्या मापाने. कळवते.’

आणि कळवायचं राहिलं. शाळेत परीक्षा आल्या. नागेशने माझी पाठ जोडली, हात जोडले, पट्ट्या विणायला दिल्या. पाय तेवढे लांबच्या लांब तसेच. एका सकाळी त्याने उत्कर्षाला फोन लावला. ती वर्गात होती. मग त्याने हिंदुरावांना लावला, आणि हातात वेल्डिंगचा दांडा असल्यामुळे फोन स्पीकरवर टाकून माझ्याच बैठकीवर ठेवला. माझ्या आयुष्याचा निकाल माझ्याच मांडीवर लागला.

“आबा, नागेश बोलतोय. म्याडमच्या खुर्चीचं पाय कापायचं ऱ्हायल्यात. बसल्यावर गुडघ्याच्या मागनं भुईपतुर किती इंच, तेवढं सांगा.”

“कुणाचं?”

“ज्यांना बसायचंय त्येंचं.”

“थांब जरा.” पलीकडे काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. मग, “साडेअठरा.”

“साडेअठरा? काकी बऱ्याच उंच हायत म्हंजी.”

“आरं, तिचं काय माप घ्यायचं? खुर्ची घरात आली की मालक बसंल, पावना बसंल. खुर्चीला मालकाचंच माप लागतं. आन डॉक्टर बी म्हनालाय, उंच पायजे. काप तू बिनघोर.”

नागेशने कापलं. साडेअठरा इंच. मला तेव्हा काय कळणार? मला उलट बरंच वाटलं. शेजारी स्टुलासारख्या बुटक्या दोन खुर्च्या पडल्या होत्या, त्यांच्याकडे मी वरून बघितलं. रंग लागला, भट्टीत भाजले गेले, टेम्पोतून अंथुर्ण्याला आले. वाटेत उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, दोन दोन ट्रॉल्या. कारखान्याचं गळीत नुकतंच सुरू झालं होतं. घरी उतरवलं तेव्हा लीलाबाई दारात उभ्या होत्या. पाच फुटांच्या आत बसणारी ठेंगणी, गोरीपान बाई, हातात काठी. मी त्यांना डोक्यापासून टाचेपर्यंत बघून घेतलं. साडेअठरा इंच माप या बाईंचं असणं शक्यच नव्हतं.

रविवारी उद्‍घाटन. उत्कर्षा ‘उद्‍घाटन’ म्हणत नव्हती, ‘चहा’ म्हणत होती, पण हिंदुरावांनी नारळ आणला. गल्लीतल्या बायका जमल्या. शेजारच्या घरातून धाकट्या जाऊबाई रोहिणी आल्या. शेळगावच्या वाटेवरून बानूबाई आल्या. बानूबाईंचं घराणं एके काळी मेंढरं राखणारं. आता थोडी शेती, दोन म्हशी. लीलाबाई आणि त्या खुरपणीपासूनच्या मैत्रिणी. चाळीस वर्षांत दोघींनी एकमेकींना इतकं काही सांगितलंय की आता बोलायचं फारसं उरलं नाही, तरी बोलतात.

हिंदुरावांनी मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि घरच्या रीतीप्रमाणे आधी स्वतःच बसले. पाठ टेकली, हात टेकले, पाय फरशीवर सपाट. “वा! बेस बसतीया! एकदम मापात!”

मी मनात म्हटलं, आता बोला कुणीतरी. कुणाच्या तरी लक्षात येऊ दे. पण बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मग उत्कर्षाने लीलाबाईंना हाताला धरून आणलं. “आई, बसा.” लीलाबाई लाजल्या. पदर सारखा केला. एवढ्या बायकांसमोर, नवऱ्यासमोर, एकटीने खुर्चीत बसायचं म्हणजे त्यांना परीक्षेला बसल्यासारखंच होतं. तरी बसल्या. मागे सरकल्या. आणि दोन्ही पाय हवेत.

चार बोटं. फरशी आणि टाचा यांच्यात चांगलं चार बोटं अंतर. माझ्या पुढच्या पाइपची कड त्यांच्या मांडीखाली रुतली. ऑपरेशनचा पाय लोंबला आणि नव्या सांध्यावर ओढ आली. मला त्यांच्या अंगातून कळ गेलेली समजली. त्या हळूच पुढे सरकल्या, अगदी कडेवर, तेव्हा कुठे अंगठे टेकले.

इतर बायका उभ्या होत्या, त्यांना नव्या फरशा, फुलं, पंखा दिसत होता. बानूबाई मात्र नेहमीसारख्या भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. त्यांचे डोळे बरोबर लीलाबाईंच्या पायांच्या पातळीला. त्यांनी बघितलं आणि जे दिसलं ते बोलल्या.

“आगं बया! आमच्या लीलाबाईचं पाय भुईला लागंनात की!”

सगळ्या बायका खो खो हसल्या. कारण आमच्याकडे ज्याचे पाय भुईला लागत नाहीत तो गर्वाने फुगलेला. सुनेने एवढं केलं, आता सासू कशाला जमिनीवर चालेल, असा त्याचा अर्थ झाला. बानूबाईही मग हसल्या. आपण एवढी छान कोटी केली हे त्यांना तेव्हाच कळलं असावं.

“लागतील कशाला?” रोहिणी म्हणाल्या. त्यांच्या हसण्यात मात्र थोडं मीठ जास्त होतं. “सुनंनं शिंव्हासन केलंय. आमी आपलं हितंच, मातीत.”

लीलाबाई हसल्या, चहा बघते म्हणून उठल्या आणि आत गेल्या. त्यानंतर त्या माझ्यावर बसल्या नाहीत.

आता माझी काय अवस्था झाली असेल सांगा! एका वाक्यात खरं काय ते सांगून झालं होतं, आणि ते विनोद म्हणून उडून गेलं. मला तोंड असतं तर ओरडले असते, ‘अहो, थट्टा नाही ती, माप आहे माप!’ पण खुर्चीला हात असतात, पाय असतात, पाठ असते. नेमकं तोंड तेवढं देत नाहीत.

घरच्यांनी आपापल्या परीने अर्थ लावला. ऋषिराज म्हणाला, सवय नाही, होईल हळूहळू. हिंदुराव म्हणाले, “तिला ह्ये असलं मानवत न्हाय. साधी बाई हाय.” उत्कर्षाला वाटलं, खुर्ची टोचत असेल. म्हणून तिने शाळेतून येताना जाडजूड गादी आणली. पांढरी, वर फुलं. चांगली दोन इंचांची. झालं! मी साडेअठराची साडेवीस झाले.

लीलाबाईंनी गादीकडे बघितलं, “झ्याक हाय,” म्हणाल्या आणि लांबूनच निघून गेल्या. चार दिवसांत शेतात जाळलेल्या उसाच्या पाचटाची काजळी उडून गादीवर काळे ठिपके पडले. उत्कर्षा रोज झटकायची आणि रोज विचारायची, “आई, बसलात का आज?”

“बसले की. मगाशी.”

“बरं वाटलं?”

“बरं हाय की.”

धादांत खोटं. पण हे ‘बरं हाय की’ फार जुनं आहे. भाजीत मीठ कमी पडलं तरी बरं हाय की, लुगडं नको त्या रंगाचं आणलं तरी बरं हाय की. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दुखतंय का विचारलं तेव्हाही म्हणे त्या हेच म्हणाल्या होत्या.

एका दुपारी त्यांनी प्रयत्न केला. घरात कुणी नाही बघून केळीजवळची एक वीट उचलून आणली, फडक्यात गुंडाळली आणि माझ्यापुढे ठेवली. गादी बाजूला काढली. बसल्या. पाय विटेवर. अहाहा! त्यांचा श्वास सैल झाला, पाठ पहिल्यांदा माझ्या पाठीला टेकली. अर्धा तास आम्ही दोघी तशाच होतो. पुढे केळीच्या पानावर एक बुलबुल आला, त्यांनी त्याला हाकललंही नाही. त्या अर्ध्या तासासाठी मी आजही कुणाचेही उपकार मानायला तयार आहे.

संध्याकाळी हिंदुराव मागे आले. “हितं ईट कुणी टाकली? एवढा खर्च करून पाट्यो केला आन मधीच ईट!” त्यांनी ती उचलली आणि केळीत फेकली. लीलाबाई स्वयंपाकघरातून बघत होत्या. म्हणणार तरी काय? पाय टेकत नाहीत म्हणावं? ते तर सगळ्या गल्लीने आधीच म्हणून झालं होतं.

मग त्या पायरीवर बसायला लागल्या. मागच्या दाराची पायरी, जेमतेम वीतभर उंच. म्हणजे भुईच की ती. डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलेलं नेमकं तेच. घरातले कामाला गेले की त्या ताट घेऊन पायरीवर. शेंगा फोडायच्या, मेथी निवडायची. उठताना नळाच्या पाइपला धरायचं. मी समोर दोन हातांवर. त्या उठायच्या तेव्हा माझ्या जोडांना घाम फुटायचा. नळाचा पाइप भिंतीपाशी हलत होता. रोज थोडा जास्त हलत होता. मी रोज मोजायचे, आज उठल्या. आज उठल्या. उद्याचं काय?

त्यात हिंदुरावांचं आणखी एक सुरू झालं. “ही लीला तर बसतच न्हाय. खुर्ची मला झ्याक बसतीया. पुढं पोर्चात न्यायला पायजे.” दोनदा म्हणाले, आणि तिसऱ्यांदा मला दोन्ही हातांनी उचलून वजन बघितलं. मी घाबरून गेले. पोर्चमध्ये गेले असते तर माझं वाईट झालं असतं असं नाही. तिथे मान आहे, माणसं आहेत, चहा आहे. पण ज्या बाईसाठी मला काढलं ती पायरीवर बसणार, आणि मी पुढे तिच्याच नवऱ्याची पाठ धरून बसणार? नको ग बाई.

मागच्या बुधवारी ते घडलं. दुपारचे तीन. लीलाबाई पायरीवर मेथी निवडत होत्या. निवडून झाली, ताट बाजूला ठेवलं, नळाच्या पाइपला धरून उठायला लागल्या. अर्ध्या उठल्या आणि पाइप भिंतीतून सुटला. पाण्याची धार उडाली. त्यांचा तोल गेला, डावा पाय वाकला, उजवा ताठ राहिला, आणि त्या पुढे झेपावल्या.

त्यांच्या हाताला माझा हात लागला.

मी हलले नाही. मी म्हणजे अशी घाबरट, पण त्या क्षणी चारही पाय त्या खरबरीत शहाबादीत घट्ट रोवून उभी राहिले. त्यांनी मला दोन्ही हातांनी मिठी मारली, तशाच लोंबकळत राहिल्या आणि हाक मारली, “आवं! आवं, या हिकडं!”

हिंदुराव पोर्चमधून पळत आले. पायात चप्पल नाही. त्यांनी बायकोला धरून उभं केलं, नळाचा मेन कॉक बंद केला. गुडघा चाचपून बघितला. सूज नव्हती, पाय मुडपला नव्हता. मग भीती उतरली आणि राग चढला, पुरुषांचं असतं तसं.

“खुर्ची समोर हाय आन तू भुईला बसतीस? सुनंनं जीव टाकून केलं ह्ये सगळं. डॉक्टर काय सांगून गेला? पुन्यांदा कापाकापी पायजे व्हय तुला?”

लीलाबाईंनी माझा हात अजून सोडला नव्हता. ताटातली मेथी सगळीकडे पसरली होती. आणि त्या म्हणाल्या, “माजं पाय लागत न्हाईत.”

“आगं, लोकं बोलत्यात. त्या बानूबाईचं काय मनावर घेतीस? ती चेष्टा करती.”

“चेष्टा न्हवं.”

“मग गर्वाचं म्हनतीस? तुला गर्व झाला आसं कोन म्हनंल? मी बघतो एकेकीकडं…”

“आवं, गर्वाचं न्हवं! पायाचं! पायाचं सांगतीया मी!”

एवढ्या मोठ्याने त्या या घरात कधी बोलल्या नसाव्यात. लीलाबाई माझ्या हाताला धरून वळल्या, गादी उचलून खाली टाकली आणि बसल्या. पार मागे सरकून, पाठ टेकवून. “ह्ये बगा. बगा आता.”

पाय लोंबत होते. ओले, मेथीची पानं चिकटलेले, लहान मुलीसारखे छोटे पाय.

हिंदुराव बघत राहिले. मग खाली वाकले. साठी ओलांडलेला माणूस, कमरेला हात लावत गुडघ्यावर आला आणि त्याने आपला हात आडवा करून बायकोच्या टाचेखाली घातला. चार बोटं आरामात मावली. त्यांनी दुसऱ्या टाचेखाली घालून बघितला. तिथेही मावली.

“किती दिवसांपासनं?”

“पयल्यापासनं.”

“मग बोलली का न्हाईस?”

“बोलले आसते तर काय म्हनला आसता?”

हिंदुराव तसेच फरशीवर बसले. पाण्यात धोतर भिजत होतं. ओला सोगा पिळत म्हणाले, “त्या नागेशनं माप इचारलं हुतं. मी माजं दिलं.” आणि परत म्हणाले, “तुजं इचारायचं माज्या डोक्यातच आलं न्हाय.”

संध्याकाळी उत्कर्षा आली, तिला सगळं कळलं. ती आधी सासूच्या गळ्यात पडून रडली, मग स्वतःच्या वहीत बघून रडली. ‘कळवते’ असं तिनेच लिहिलं होतं. “मीच विसरले आई. जागेचं ऊन तीन दिवस मोजलं आणि तुमचे पाय नाही मोजले.” लीलाबाईंनी तिचे डोळे पुसले आणि तिला शेंगदाण्याचा लाडू दिला.

मग हिंदुरावांनी तोडगा काढला. त्यांना तोडगे लवकर सुचतात. “आसं करू. ही मला बसतीया, ही मी पुढं नेतो. तुला नागेशकडनं दुसरी बनवून घिऊ. बारीक. तुज्या मापाची.”

माझा जीव टांगणीला लागला. सगळ्यांना पटेल असाच तोडगा होता तो. आता बाई म्हणणार, बरं हाय की. त्यांनी तोंड उघडलंही.

“दुसरी नगं,” लीलाबाई म्हणाल्या. “हिनं मला धरलं. हीच ऱ्हाऊ द्या. हिचंच पाय कापा.”

तर आज नागेश आलाय. मोटारसायकलवर कटर बांधून आणलाय, वायर आतून ओढून घेतलीय. आल्या आल्या त्याने हिंदुरावांकडे असं बघितलं की हिंदुरावांनी मधुमालतीला पाणी घालायला घेतलं. बानूबाईही आल्यात, भिंतीला टेकून बसल्यात. “मी म्हनले हुते का न्हाय?” असं त्यांनी आतापर्यंत तीनदा विचारलंय.

नागेशने लीलाबाईंना माझ्यावर बसवलं. “काकी, पाय सैल सोडा. आसं.” टेप लावली. ब्लाउजच्या शिंप्यानंतर बाईंचं माप घेणारा हा पहिलाच माणूस. त्याने माझ्या चारही पायांना तीन इंचांवर खडूने रेघ मारली, मग तेवढ्याच जाडीची फळी आणून बाईंच्या पायांखाली सरकवली.

“आता एवढं कापल्यावर आसं वाटंल बगा. कसं हाय?”

“बरं हाय की,” लीलाबाई म्हणाल्या.

उत्कर्षाने मान वर केली. मीही श्वास धरला. लीलाबाई फळीवर पाय ठेवून बसल्या होत्या. त्यांनी उजवी टाच जरा हलवली. डावी हलवली. मग परत उजवी दाबून बघितली, जत्रेत बांगड्या घेताना बघतात तशी.

“नागेशभाऊ,” त्या म्हणाल्या, “आजून बोटभर कमी कर.”

“आगं, मग मला लईच बुटकी हुईल की ती,” झारी हातात धरून हिंदुराव म्हणाले.

“तुमाला पुढं सा हायत,” लीलाबाई म्हणाल्या.

बानूबाईंना हसू आवरेना. नागेशने अंगठ्याने रेघ पुसली आणि बोटभर वर नवी मारली. चारही पायांना. मग मला उताणं केलं. आता मला फक्त बांबूची चटई दिसतेय आणि कानाशी कटरचा आवाज येतोय. लोखंडाला काय कळणार, असं तुम्ही म्हणाल. कळतं हो. भट्टीत गेलेली मी, तरी आज घाबरलेय.

पण काप, नागेश. मी काही म्हणत नाही. एकच मागणं आहे, हात स्थिर ठेव आणि चारही पाय सारखे काप, नाहीतर मी डुगडुगेन आणि बाई पुन्हा पायरीवर जातील. सारखे काप, आणि लवकर काप. बाई उभ्या आहेत.